मीठ पुरायला लागलं त्या वर्षी

मला याद्या करायची सवय आहे. वाणसामानाची यादी, परसात काय कधी लावलं त्याची यादी, वाचनालयातून आणलेल्या मासिकांची यादी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, की ही मुलगी डोक्यावर भरवसा ठेवणारी नाही, कागदावर ठेवणारी आहे. ते जन्मभर शाळामास्तर होते. त्यांनी कपाटातून कोऱ्या वह्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "घे. ह्या घरात आता कोणतरी लिवणारा इला."

मी सांगते आहे त्या दिवसांत माझ्या तीन वह्या चालू होत्या. एक परसाची, एक वाणसामानाची आणि एक सासऱ्यांच्या रक्तदाबाची. तिन्ही वेगवेगळ्या जागी असत. परसाची मागच्या पडवीत खिळ्याला, वाणसामानाची स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर, प्रेशरची सासऱ्यांच्या उशाशी. प्रत्येक वही जागच्या जागी. याचा मला अभिमान होता.

आमचं घर मालवणच्या दक्षिणेला. दारात उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही, माडांच्या आडून ऐकू येतो. घरामागे बाव, म्हणजे विहीर, आणि बावीच्या अंगाने उतरत गेलेलं परस. सासरे, नवरा आणि मी, एवढीच माणसं. नवरा तालुक्याच्या कचेरीत. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. मूल झालं नाही, त्याबद्दल इथे लिहायचं नाही.

दिवसातला माझा सर्वांत आवडता वेळ दुपारी दोन ते चार. जेवणं झालेली, भांडी पालथी घातलेली. सासरे ओटीवर आरामखुर्चीत बसून मासिकातली गोष्ट मोठ्याने वाचत आणि मी खाली चटई टाकून हातात काहीतरी काम घेऊन ऐकत असे. उन्हाळ्यात भिजवलेली चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, विणून आडोशाची झापं करायची, पावसात जुन्या लुगड्यांची गोधडी घालायची. ते वाचताना मास्तरच असत. स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला चष्म्यावरून माझ्याकडे बघत. माझा टाका वाकडा गेला की वाचता वाचता मध्येच म्हणत, "उसव तो." आणि पुन्हा पुढचं वाक्य.

सकाळ-संध्याकाळ परस. लाल भाजी, मुळा, वाली, मिरच्या, वांगी. फुलांत अबोली, मोगरा आणि थोडी शेवंती. हे सगळं दिवाळीनंतर लावायचं आणि शिपून जगवायचं. पाणी लाटेने काढत. लाट म्हणजे माडाच्या खोडाचा लांब दांडा, मागच्या टोकाला बांधलेला धोंडा आणि पुढच्या टोकाला बादली. एक गडी तासभर लाट ओढायचा, पाणी पाटातून परसात जायचं. बावीच्या आतल्या अंगाला खाली एक काळा दगड बसवलेला होता. सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा नियम असा की, चैत्र-वैशाखात पाणी उतरून तो काळा दगड उघडा पडला की शिपणं बंद. प्यायला आणि रांधायला तेवढं काढायचं. भाजी सुकली तर सुकली.

नवी असताना मी एकदा हट्ट केला होता. वाली ऐन फुलात होती. सासरे मला बावीच्या काठावर घेऊन गेले. "बाव काय आपली एकट्याची नाय गो," म्हणाले. "खालसून समुद्र बघता, वरसून आपण. मधी गोडा पाणी थोडासाच."

मी हे परसाच्या वहीत लिहून ठेवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

वीज आमच्या वाडीत ऐंशी सालानंतर आली. दोन वर्षांत नवऱ्याने मोटर घेतली. लाट ओढणारा गडी गोव्याला कामाला गेला होता, दुसरा मिळेना. तेव्हा मोटर ही चैन नव्हती, गरज होती. बटण दाबलं की वीस मिनिटांत सगळं परस ओलं. मी तर हरखून गेले. पहिल्याच हिवाळ्यात वांग्यांच्या दोन ओळींच्या पाच केल्या, अबोलीचा वाफा दुप्पट वाढवला. वाडीतल्या बायका गजऱ्यासाठी फुलं मागायला येत.

चैत्रात काळा दगड उघडा पडला. सासरे काठी टेकत बावीपर्यंत आले, आत वाकून बघितलं आणि मुलाला हाक मारली. "दगड दिसलो. आता शिपणा बंद."

"तो दगड लाटेसाठी होतो, बाबानू," नवरा म्हणाला. "मोटारीक फुटवॉल असता. आणि पाच फूट पाणी आसा खाली."

सासरे माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोलले असते तर नवऱ्याने ऐकलं असतं, तो परसातलं सगळं माझ्यावर सोडायचा. माझ्या डोळ्यांपुढे वांगी होती, नुकती धरलेली. मी म्हटलं, "पंधरा दिवस फक्त." फुटवॉल, म्हणजे मोटरच्या नळीचं पाण्यातलं तोंड, तीन फूट खाली सोडला. पाऊस येईपर्यंत मोटर रोज चालली.

याच वर्षी सासऱ्यांचा रक्तदाब निघाला. चक्कर आली म्हणून मालवणात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मीठ तोडा. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. जेवणात निम्मं मीठ. नाहीतर एक दिवस झटका येईल." मी घरी येऊन तिसरी वही उघडली. दर पंधरा दिवसांनी आरोग्यकेंद्रातली नर्स वाडीत यायची, ती प्रेशर मोजायची आणि मी आकडा लिहायची.

खाऱ्या वाऱ्यात जन्मलेल्या माणसाचं मीठ तोडणं काय असतं ते मला पहिल्या आठवड्यात कळलं. सासरे पेजेची वाटी पुढे घेऊन बसत आणि चमचा फिरवत राहत. "ही पेज नाय, शिक्षा आसा," म्हणत. पण मी बधले नाही. सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक, निम्म्या मिठाचा. पाऊस लागला, गोळ्या लागू पडल्या, प्रेशर उतरलं. आश्विनापर्यंत वहीतले आकडे असे होते की नर्ससुद्धा म्हणाली, "सुनेच्या हाती दिलंत म्हणून वाचलात."

दुसऱ्या हिवाळ्यात मी परस आणखी वाढवलं.

आता मी जे लिहिते आहे ते तिन्ही वह्यांत तेव्हाच लिहिलेलं होतं. फक्त तीन ठिकाणी.

परसाच्या वहीत, माघातल्या एका पानावर: वालीच्या पानांच्या कडा करपल्या. ऊन जास्त. मग: अबोलीची रोपं खुरटली, शेणखत द्यायला हवं. मग: पाटाच्या कडेला पांढरा थर, झाडूनही जात नाही. मग, का लिहिलं देव जाणे: बावीत बेडूक दिसत नाहीत.

वाणसामानाच्या वहीत: काळे वाटाणे शिजत नाहीत, वाण्याला सांगणे, माल जुना. साबणाला फेस येत नाही, दुसरा आणणे. आणि त्याच पानावर खाली, अधोरेखित: मीठ गेल्या महिन्यापेक्षा कमी लागलं. पुढच्या महिन्यात पुन्हा: मीठ उरलं. एक किलोची पिशवी सव्वा महिना पुरली.

ते अधोरेखित मी कौतुकाने केलं होतं. मला वाटलं, जिभेला सवय झाली. शिस्त लावली की माणूस कशालाही सरावतो.

प्रेशरच्या वहीत आकडे चढत होते.

नवऱ्याला मी करपलेली पानं दाखवली. त्याने मान वर करून माडांकडे बोट केलं. "माड बघ कशे खूश आसत. पाणी वायट असता तर माड असे धरले असते?" खरंच त्या वर्षी माड लगडले होते. आता आमच्याकडे माडाच्या आळ्यात आपण होऊन मीठ घालतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आम्हीही दर वर्षी घालत आलो होतो. तरीही आम्ही दोघं मान वर करून त्या माडांकडे बघत उभे राहिलो आणि निश्चिंत झालो.

फाल्गुनात एक दिवस सासरे जेवता जेवता थांबले. ताटात भात, सोलकढी आणि मुळ्याच्या पाल्याची भाजी. वाटीतली कढी संपवून त्यांनी वाटी पुढे केली. कित्येक महिन्यांनी त्यांनी काहीतरी दुसऱ्यांदा मागितलं होतं.

"तुझ्या हाताक आता चव इली गो," ते म्हणाले.

"पयली नाय होती काय?"

"पयली तू डॉक्टराची सून होतंस. आता माझी झालंस." मग दाराकडे बघून, नवरा ऐकत नाही ना याची खात्री करून हळूच म्हणाले, "माका सगळा कळता. डॉक्टराक मी काय सांगूचंय नाय."

"काय सांगूचा नाय, बाबानू?"

"काय नाय. वाढ तू."

मी हसले आणि कढी वाढली. मला वाटलं, आमसुलं जरा जास्त घातल्याचं ते म्हणतायत. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराला सोडून दिलेल्या मास्तराचा भाव होता. तो मला दिसला. त्याचा अर्थ मी लावला नाही.

वैशाखात नणंद मुंबईहून आली. एसटीतून उतरून, पाय धुऊन ओटीवर टेकली तोच मी चहा दिला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वयनी, चायत साखरेच्या जाग्यार मीठ घातलंस काय गो?"

आम्ही सगळेच हसलो. नवरा म्हणाला, "मुंबयचा पाणी पिवन पिवन तुझ्या जिभेचा लोणचा झाला. गावाकडचा पाणी आता खंय सोसता तुका!"

"लोणचा माझ्या जिभेचा नाय, तुमच्या चायचा," ती म्हणाली. पण तीही हसली. तिने सासऱ्यांकडे बघितलं. "तुमका लागता काय ओ खारट?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. चहा बरा आहे.

आठ दिवस राहून ती गेली. शेवटचे चार दिवस तिने चहा सोडून शहाळ्यांवर काढले. त्याचीही आम्ही थट्टाच केली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी झाप विणत होते. सासरे वाचत होते. गोष्टीतला माणूस वादळातून परत येत होता. "आणि होडी किनाऱ्याला लागली," त्यांनी वाचलं. थांबले. पुन्हा वाचलं, "आणि होडी किनाऱ्याला लागली." कधी कधी आवडलेलं वाक्य ते दोनदा वाचत. मी विणत राहिले. तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं, जरा ओघळल्यासारखं.

"लागली हो होडी, बाबानू," मी म्हटलं. "आता उतरा तरी!"

 मी वर बघितलं. मासिक डाव्या हातात तसंच धरलेलं होतं. उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि ते त्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत होते. तोंडाचा एक कोपरा खाली आला होता. त्यांनी पुन्हा ते वाक्य वाचायचा प्रयत्न केला.

शेजारच्यांच्या टेम्पोत घालून त्यांना मालवणला नेलं. नवरा कचेरीतून धावत आला. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे, जीव वाचेल, पण पुन्हा असा झटका आला तर वाचणार नाहीत. मग माझ्याकडे वळले. "मीठ किती देत होतात?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. "आधी महिन्याला दोन किलो लागायचं. आता एक किलो सव्वा महिना पुरतं. माझ्याकडे वही आहे."

"मग प्रेशर चढतं कशाने?"

मी बाहेर आले. व्हरांड्यात पाण्याचं पिंप होतं. घशाला कोरड पडली होती म्हणून मी पेला भरून घेतला, प्याले आणि थबकले. मला वाटलं, कुणीतरी रुग्णासाठी पिंपात साखर घातली आहे. मी दुसरा पेला भरून नवऱ्याला दिला.

तो प्याला. पेल्यात बघितलं. "गोड लागता," तो म्हणाला.

पिंपात काही घातलेलं नव्हतं. साधं पाणी होतं. आम्ही दोघं तिथे व्हरांड्यात उभे राहिलो. मला कढीची वाटी आठवली, चहा आठवला, पाटाच्या कडेचा पांढरा थर आठवला. सगळं एकामागून एक, यादीसारखं. नवऱ्याने पेला उलटा करून ठेवला. 

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले तेव्हा आधी बावीवर गेले. बादली सोडली, ओंजळीत पाणी घेतलं. एका रात्रीच्या गोड्या पाण्याने माझी जीभ जागी झाली होती. ते पाणी मला गिळवेना. मग तिन्ही वह्या गोळा केल्या आणि ओटीवर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. महिना लावला. करपलेली पानं, पुरलेलं मीठ, चढलेला आकडा. एकही नोंद चुकीची नव्हती. वर्षभरात मी या वह्या एकमेकींजवळ आणल्या नव्हत्या, कारण त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या.

सासरे तीन आठवड्यांनी घरी आले. काठीने आणि माझ्या खांद्याने चालत. शब्द जाड झाले होते, पण कळत. मोटर आम्ही काढून टाकली होती. प्यायचं पाणी टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून मी रोज दोन खेपांत आणत होते. हे सगळं त्यांना सांगायलाच हवं होतं. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी पेज भरवताना सांगितलं. फुटवॉलपासून सुरुवात केली, क्रमाने.

त्यांनी मध्येच डावा हात उचलून मला थांबवलं. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

"म्हणजे तू... चोरून... मीठ... घालीत नसलंस?"

"नाय, बाबानू. डॉक्टरांनी सांगितल्यापासून निम्म्याच्या वर कधीच नाय."

त्यांनी डाव्या हाताने वाटी बाजूला केली. मग म्हणाले, "माका वाटला, तुका माझी दया इली."

मी चमचा वाटीत ठेवला. गोळ्यांच्या वेळा, नर्सच्या फेऱ्या, कुठला जिन्नस किती, सगळ्याचं उत्तर मी कधीही देऊ शकत होते. हे वाक्य तिन्ही वह्यांत कुठेच नव्हतं. त्यांनीच तोंड उघडलं आणि मी उरलेली पेज भरवली. ती अगदी अळणी होती.

त्याला आता चार वर्षं होत आली. पाऊस चांगला झाला तेव्हा बाव धुऊन निघाली आणि कार्तिकापर्यंत गोडी आली. परस मी अर्ध्यावर आणलं. दुपारी आता मी वाचते आणि ते ऐकतात. स्वल्पविराम चुकला की डावं बोट वर होतं. या घरात अजून सुख आहे, आणि मी ते नीट जपते.

पण बाव आमच्या एकट्याची नाही. खालच्या अंगाला दोन घरांनी आपापल्या बावींवर मोटरी बसवल्या; जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच. मी दोघांच्याही दारात जाऊन सगळं सांगितलं. एकाने विचारलं, "तुमची किती हॉर्सपॉवरची होती?" दुसऱ्याने माडांकडे बोट केलं. पौषापासून दोन्ही मोटरी सकाळी सहाला सुरू होतात. त्यांची घरघर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते.

माझ्या जिभेवर मी आता भरवसा ठेवत नाही. नवऱ्याच्याही नाही. एकाच घरात राहून एकाच पाण्याला सरावलेल्या माणसांना काही कळत नसतं. टेकडीवर एक म्हातारी राहते, ती आयुष्यभर झऱ्याचंच पाणी प्यायलेली. माघ लागला की दर पंधरा दिवसांनी मी आमच्या बावीचं पाणी बाटलीत भरून तिच्याकडे नेते. झऱ्याचं पाणी प्यायला आणता येतं, पण वर्षभर सगळ्याला पुरेल इतकं माझ्याच्याने वाहून आणवत नाही. रांधायला बावीचं पाणी कधीपर्यंत चालेल, हे ती ठरवते. आधी ती मला हसायची. "ह्या काय खूळ गो तुझा? माका डॉक्टरीण केलंस!" नंतर तिला कारण सांगितलं, तेव्हापासून हसत नाही.

परवा गेले. यंदा पाऊस लवकर सरला होता. ती अंगणात मिरच्या निवडत बसली होती. हात पदराला पुसून तिने बाटली घेतली, एक घोट तोंडात फिरवला आणि गिळला.

"गोडा आसा," ती म्हणाली.

मी सुटकेचा श्वास सोडला. बाटलीला बूच लावायला हात पुढे केला. तिने बाटली दिली नाही. "थांब मगे जरा," म्हणाली, आणि डोळे मिटून दुसरा घोट घेतला.